चवीची वही

२०१६ च्या रमजान ईदला मुलगा बेल्जियमहून सोलापूरला आला होता. तिथे लूव्हेनच्या विद्यापीठात तो शिकत होता. आठ दिवस राहिला, शीरखुर्मा प्याला, नातेवाइकांच्या घरी सलाम करून आला आणि परत गेला. तो गेल्यावर पलंगाखाली एक वही सापडली. निळ्या पुठ्ठ्याची, शंभर पानी. ती आम्ही उघडायला नको होती. उघडली.

या लेखातले ‘आम्ही’ म्हणजे नवरा-बायको. लिहिणारा हात एकच आहे, पण लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीवर दोघांची भांडणे होऊन गेली आहेत. म्हणून एकट्याच्या नावावर हे खपवणे बरे नाही.

वही बीअरची होती. एकेका पानावर तारीख, बीअरचे नाव, प्रकार, रंग, वास, चव आणि शेवटी दहापैकी गुण. आणि सगळे मराठीत! दहावीच्या परीक्षेत आवडत्या ऋतूवरचा निबंध पाच ओळींत उरकणारा आमचा मुलगा एका पानावर लिहितो की, पहिला वास पाऊस यायच्या आधीच्या गवताचा, नंतर भिजवलेल्या धन्यांचा, आणि घोट गेल्यावर संत्र्याची साल दातांखाली आल्यासारखी वाटते. दुसऱ्या एका आंबट बीअरबद्दल लिहिले होते की, कच्च्या चिंचेचा झटका आणि मागून ओल्या सोलापुरी चादरीचा वास. सहा गुण, पण पुन्हा प्यावी लागेल. आम्ही दोघांनी ती वही एका रात्रीत वाचून काढली. वाचताना राग येत होता आणि पान उलटल्याशिवाय राहवत नव्हते.

त्याला नंतर विचारले, मराठीत का लिहिलेस? म्हणाला, वासाचे शब्द मला दुसऱ्या कुठल्या भाषेत येत नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे गैरसमज नको. बीअर चालते की नाही हा आमचा प्रश्न नाही. येमेनमध्ये मधाचे आणि जवाचे मादक पेय करीत. जवाच्या पेयाला ‘मिज्र’ म्हणत. त्याबद्दल पैगंबरसाहेबांना विचारले गेले तेव्हा नशा आणणारी प्रत्येक गोष्ट हराम, असे उत्तर मिळाले. म्हणजे बीअरचा प्रश्न जवळजवळ नाव घेऊन विचारला गेला आहे आणि त्याचे उत्तरही आले आहे. पुढे कूफ्याच्या काही फकीहांनी द्राक्षाची दारू वेगळी आणि नबीज वेगळे, असा भेद करून पाहिला. इब्न कुतैबासारख्या साहित्यिकाने या पेयांच्या वादावर एक आख्खे पुस्तक लिहिले. पण नंतरच्या हनफी उलेमांनीही फतवा इमाम मुहम्मद यांच्या कडक मतावरच दिला. आमच्यातल्या एकाचे माहेर दापोलीकडचे, म्हणजे शाफई. दारूचा मुद्दाम सिरका करणे हनफींना चालते, शाफईंना चालत नाही, हा वाद आमच्या घरात लोणच्याच्या बरणीपर्यंत पोहोचलेला आहे. बीअरवर मात्र सोलापूर आणि दापोलीचे एकमत आहे.

मग प्रश्न कुठला? तो असा की, जी गोष्ट वाईट म्हणून आपण सोडली, तिच्यात जर कुणी मन लावून, निगुतीने, प्रामाणिकपणे काही चांगले करीत असेल, तर त्या चांगल्याला आम्ही काय म्हणायचे? मुलगा नापास झाला असता, आळशी झाला असता, तर रागावणे सोपे होते. इथे त्याचे लक्ष, त्याची भाषा, त्याची चिकाटी हे सारे आम्हाला हवे तसे घडले होते, आणि घडले होते नको त्या गोष्टीत.

२०१७ च्या वसंतात आम्ही त्याच्याकडे गेलो. पहिल्याच दिवशी सांगितले, तुझी वही घरी राहिली आहे. त्याचा चेहरा उतरला. मग तो म्हणाला, “अब्बा, वाचली?” आम्ही हो म्हणालो. अम्मीकडे त्याने पाहिले नाही. ती म्हणाली, “हस्ताक्षर सुधारलेय तुझे.” त्यानंतर मात्र त्याने काही लपवले नाही. हे चांगले झाले की वाईट, यावर आमच्यात मतभेद आहेत. एक म्हणते, पोरगा खोटे बोलायचा थांबला. दुसऱ्याला वाटते, लाज होती तोवर दोर शाबूत होता.

लूव्हेनपासून थोड्या अंतरावर होगार्डन नावाचे गाव आहे. तिथे गव्हाची, धने आणि संत्र्याची साल घातलेली पांढुरकी बीअर शतकानुशतके होत असे. १९५० च्या दशकात गावातली शेवटची भट्टी बंद पडली आणि ती चव संपली. पियेर सेलिस नावाचा माणूस तिथे दूध घालीत असे. लहानपणी त्याने शेजारच्या भट्टीत हाताखाली काम केले होते. १९६० च्या दशकात त्याने आठवणीवरून ती बीअर पुन्हा बनवली. १९८५ मध्ये आग लागली, पैसा उभा करायला मोठ्या कंपनीला भागीदार करून घ्यावे लागले आणि अखेर त्याला आपली भट्टी विकून टाकावी लागली. मग पासष्टीच्या पुढे तो अमेरिकेत, टेक्सासमध्ये गेला आणि तिथे पहिल्यापासून सुरुवात केली. २०११ मध्ये तो वारला. आमच्या सोलापुरात गिरण्या बंद पडल्या, माग भंगारात गेले, किती विणींची नावे माणसांबरोबर गेली. त्यांतली एखादी आठवणीवरून पुन्हा विणणारा कोणी निघाला असता तर आम्ही त्याचा सत्कार केला असता. सेलिसच्या गोष्टीने आमचे डोळे ओले झाले, हे कबूल करायला हरकत नाही. धने तर आमच्याही डब्यात असतात.

असेच दुसरे गाव चेक देशातले प्ल्झेन. १८३८ मध्ये तिथल्या लोकांनी खराब निघालेल्या बीअरची पिंपे नगरभवनासमोर रस्त्यावर ओतून दिली. मग गावाने मिळून नवी भट्टी उभारली, योसेफ ग्रोल नावाचा बव्हेरियन कारागीर आणला आणि १८४२ मध्ये त्याने सोनेरी रंगाची जी बीअर काढली तिच्या नावाने आज जगभर पिल्सनर विकली जाते. खराब माल गटारात ओतणारे ते लोक, आणि आमच्या मोहल्ल्यात हलाल दुधात पाणी घालून अलहम्दुलिल्लाह म्हणणारे लोक. तुलना चुकीची आहे हे आम्हाला कळते. तरी ती मनात येतेच.

मुलाची आणि त्याच्या मित्रांची महिन्यातून एकदा बैठक असे. प्रत्येकाने आपल्या आवडीच्या दोन बाटल्या आणायच्या आणि ती का आवडते ते सांगायचे. त्याने भीतभीत विचारले, याल का? दारू फिरते त्या दस्तरखानावर बसू नये, अशी हदीस आहे. आम्हाला ती ठाऊक होती. तरीही गेलो. थर्मासमधून चहा नेला. का गेलो याचे उत्तर एकच, आमचा मुलगा तिथे होता.

तिथे काय पाहिले ते सांगतो. बेल्जियममध्ये जवळजवळ प्रत्येक बीअरचा ग्लास वेगळा असतो, आणि चुकीच्या ग्लासात ओतले म्हणून पोरे खरोखर भांडतात. थोडीशी ओतायची, उजेडाकडे धरायची, हुंगायची, मग घोट. जर्मनीहून आलेल्या मुलीने गव्हाची बीअर आणली होती. तिला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण आत केळेही नसते आणि लवंगही नसते, हे सगळे यीस्टचे काम. एक जण ब्रुसेल्सच्या नैर्ऋत्येची लांबिक घेऊन आला होता. जव-गव्हाचा उकळलेला रस थंडीच्या दिवसांत रात्रभर उघड्या पसरट भांड्यात निवत ठेवतात आणि हवेतले जंगली यीस्ट त्यात उतरते. वेगळे विरजण लावत नाहीत. मग लाकडी पिंपांत दोन-तीन वर्षे. वहीतला ओल्या चादरीचा वास तो हाच. तिकडचे जाणकार त्याला घोड्याच्या पाठीवरच्या घोंगडीचा वास म्हणतात. एका अमेरिकन मुलाची आवड इंडिया पेल एल, हॉप्सच्या फुलांनी कडू केलेली. तो आमच्याकडे पाहून उत्साहाने म्हणाला, ही तर तुमचीच! मुलाने त्याला समजावले की ही इंग्लंडहून जहाजाने मुंबई-कलकत्त्याला येणारी, कंपनीच्या साहेबांची बीअर. इंडिया हे तिचे गिऱ्हाइकांच्या मुक्कामाचे नाव. आम्हाला त्या क्षणी मुलाचा अभिमान वाटला. कुठल्या गोष्टीचा, हे विचारू नका.

एक मुलगा आमच्याबरोबर चहा पीत होता. त्या दिवशी गाडी चालवायची पाळी त्याची. १९९५ पासून तिथे अशी मोहीमच आहे, न पिता बाकीच्यांना घरी सोडणाऱ्याला ‘बॉब’ म्हणतात. आम्ही तिघे बॉब.

गझालींनी एक फार मार्मिक उदाहरण दिले आहे. नशेची व्याख्या जाणणे वेगळे आणि नशेत असणे वेगळे. नशेत असलेल्याला तिची व्याख्या माहीत नसते. चाखून होणाऱ्या ज्ञानाला ते ‘जौक’ म्हणतात, म्हणजे मुळात चवच. त्या बैठकीत एकाने आम्हाला विचारलेच, चाखल्याशिवाय नको कसे म्हणता? आम्ही म्हणालो, रियाज खैराबादींनी आयुष्यभर शराबवर शेर लिहिले आणि म्हणतात की थेंबही घेतला नाही. सगळे हसले. पण हे उत्तर नव्हते, पळवाट होती. खरे उत्तर आम्हाला परतीच्या विमानात सुचले. कुरआनने दारूत लोकांसाठी काही फायदे आहेत हे आधी मान्य केले आणि मग नुकसान त्याहून मोठे असल्याचे सांगितले. म्हणजे जे सोडायचे ते बेचव आहे म्हणून सोडायचे नाही. आमची मात्र आयुष्यभराची समजूत अशी की दारू म्हणजे घाण वास आणि गटारात पडलेला माणूस. अशी गोष्ट सोडण्यात आम्ही सोडले काय? आम्हाला कधी मोहच झाला नव्हता. त्या संध्याकाळी टेबलावर धन्या-संत्र्याचा वास दरवळला तेव्हा वयाच्या साठीत पहिल्यांदा थोडासा मोह झाला, आणि पहिल्यांदाच ‘नको’ म्हणण्याला काही वजन आले.

पण गटारात पडलेला माणूसही खोटा नाही. आमच्या गल्लीत एक गवंडी होता. सुंदर कमान बांधायचा. हातभट्टीने त्याचे यकृत खाल्ले आणि जनाज्याला येतानाही लोक कुजबुजत होते. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे गेली. हे मुलाला सांगितले तर म्हणाला, “अब्बा, ते वेगळे आहे.” वेगळे काय? ग्लास? शिष्यवृत्तीवर जगणाऱ्याने हुंगून प्यायली तर रसिकता आणि गवंड्याने तोंड वाकडे करून प्यायली तर व्यसन, असा भेद शरीर करीत नाही. ज्या ट्रॅपिस्ट मठांतल्या बीअरचे तो कौतुक करतो, त्यांतल्या वेस्टव्लेटरनच्या सर्वांत जड बीअरमध्ये दहा टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच म्हटले की, आरोग्याला धोका नाही अशी दारूची कोणतीही मात्रा सांगता येत नाही. ते आम्ही त्याला पाठवले. त्याने वाचले, ‘बरोबर आहे’ एवढे लिहिले.

मात्र त्याच मठाने आम्हाला अडचणीत टाकले. २००५ मध्ये त्यांची बीअर जगात सर्वोत्तम म्हणून गाजली, खरेदीसाठी मोटारींच्या रांगा लागल्या. संन्याशांनी उत्पादन वाढवले नाही. मठ चालण्यापुरते आणि दानधर्मापुरते मिळते, पुरे. याला आपण कनाअत म्हणतो.

आमच्यातल्या एकाने एकतीस वर्षे एका सहकारी बँकेत कारकुनी केली. दर मार्चला ठेवींचे उद्दिष्ट वाढायचे, आणि खातेवहीत व्याज लिहायचे काम याच हाताचे. दारूच्या संदर्भात दहा जणांवर लानत सांगणारी हदीस आहे. गाळणारा, वाहून नेणारा, पाजणारा, विकणारा, तिची किंमत खाणारा वगैरे. आम्ही बोटांवर मोजले, त्यात लिहिणारा नाही. व्याजाच्या हदीसीत मात्र घेणारा, देणारा, दोन साक्षीदार यांच्याबरोबर लिहिणाराही आहे. हे लक्षात आले त्या रात्री जेवण गेले नाही. मुलाला ही गोष्ट ठाऊक असावी. त्याने ती कधी तोंडावर फेकली नाही. त्याची फी त्याच पगारातून गेली होती.

तो आता तिकडेच नोकरीला आहे. पिणे कमी केले म्हणतो, आम्ही खोदून विचारत नाही. गेल्या महिन्यात फोनवर म्हणाला, ती निळी वही कुरिअरने पाठवा, त्यातल्या काही भट्ट्या बंद झाल्या, त्या चवी आता फक्त त्या वहीत आहेत. वही कपाटात आहे, पेन्शनच्या कागदांखाली. एक म्हणते, पाठवून द्या, शब्दच तर आहेत. दुसरा म्हणतो, वाहून नेणाराही त्या दहांत आहे. परवा पाकीट आणले आहे. त्यावर पत्ता अजून कोणी लिहिलेला नाही.