बगळ्याचे ध्यान

हल्ली पुष्कळ शाळांतून पहिल्या तासाआधी मुलांना डोळे मिटून बसवतात. उजव्या नाकपुडीवर अंगठा, डावीवर अनामिका. दीर्घ श्वास, त्याहून दीर्घ उच्छ्वास. पाच मिनिटांत चिवचिवणारा वर्ग निवतो आणि गुरुजी समाधानाने खडू उचलतात.

यात जादू काही नाही. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. म्हणून उच्छ्वास लांबवला की देह शांत होतो. योगक्रियांची अशी शास्त्रीय तपासणी व्हावी याचसाठी स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले. एके काळी मुंज झालेल्या थोड्या मुलग्यांपुरता असलेला प्राणायाम आज मुलींसकट साऱ्या वर्गाला मिळतो, हेही चांगलेच झाले.

प्रश्न आहे तो पुढचा. शांत झालेले मन लक्ष कशाकडे देणार? तळ्याकाठच्या बगळ्याइतके एकाग्र कोण असते? तरी त्याला कुणी साधू म्हणत नाही. खिसेकापूही आपल्या कामात चित्त ओततोच. पतंजलीने आठ अंगांत प्राणायामाला चौथे स्थान दिले आणि अहिंसा, सत्य, अस्तेय यांना पहिल्यातच बसवले. आपण मात्र यमनियम ओलांडून थेट चौथ्या पायरीवर उडी घेतो; कारण तिच्याने परीक्षेतले गुण वाढतील, अशी आपल्याला आशा असते.

आपली भाषा या बाबतीत शहाणी आहे. ती लक्ष ‘द्या’ म्हणते. जे द्यायचे ते देणाऱ्याच्या मालकीचे असते. दरडावून घेतलेले दान कसले? खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलाने आपले लक्ष तिथल्या खारीला दिलेले असते. उपाशी मुलाचे लक्ष भुकेकडे असते, आणि पूरक-रेचकाने कुणाचे पोट भरत नाही. साठ मुलांच्या वर्गात ज्याच्याकडे वर्षभर कुणी पाहिले नाही, त्याने फळ्याकडे मात्र टक लावून पाहावे, हा व्यवहार एकतर्फी आहे.

प्राणायाम अवश्य शिकवावा. मुलाच्या हाती त्याच्याच मनाची किल्ली येते, ही काही लहान गोष्ट नव्हे. पण ती त्याचे तोंड बंद ठेवण्यासाठी वापरू नये. मुलांनी डोळे उघडले की गुरुजींनी फळ्याकडे वळण्याआधी क्षणभर त्यांच्याकडे पाहावे. आणि यंदा फराळाला बसताना आपणही हातातला फोन बाजूला ठेवून, पोर काय सांगते आहे ते शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.