भयाचे आज्ञापालन

सिकंदराबादेस घोडा परका नाही. 1806 साली वसलेल्या या छावणीत घोडदळाचा वावर होता. पुढे परेडच्या मैदानावर शर्यतीही भरत, त्या 1968 साली मलकपेठेत गेल्या. आता आपल्या दृष्टीस पडतो तो बहुधा वरातीचा घोडा. तथापि घोडा शिकविण्याच्या विद्येत जो प्रश्न दडलेला आहे, तो आपल्या घरांतही नित्य उभा राहतो: भयाने मिळविलेल्या आज्ञापालनास आज्ञापालन म्हणावे काय?

मराठीत घोडा शिकविणाऱ्यास चाबुकस्वार म्हणतात. नावातच चाबूक! परंतु कठोपनिषदातील प्रसिद्ध रूपक पाहावे. तेथे रथ आहे, रथी आहे, सारथी, लगाम व घोडे आहेत. चाबूक मात्र नाही. ग्रीक सेनानी झेनोफन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला. रागाच्या भरात घोड्याशी कधीही वागू नये, असे तो युद्धावर गेलेला मनुष्य बजावतो.

घोडा हा पळून जीव वाचविणारा प्राणी. डोळे मस्तकाच्या दोन्ही बाजूंस, त्यामुळे जवळजवळ चहूकडचे त्यास दिसते. अशास मारले असता त्याची सारी बुद्धी सुटका शोधण्यात खर्ची पडते, शिकण्यास उरत नाही. जाणता शिक्षक लगाम किंचित ओढतो, आणि घोड्याने एक पाऊल मागे घेताच तत्क्षणी सैल सोडतो. घोडा ओढण्याने नव्हे, सोडण्याने शिकतो. सोडण्यास विलंब झाला तर सुटका कशाबद्दल झाली हे त्यास उमगत नाही. म्हणजे पुष्कळसे कसब शिष्याच्या पायांत नसून गुरूच्या हातात आहे. आयाळीच्या मुळाशी, खांद्यावरील उंचवट्याजवळ खाजविले असता घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असे 1993 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. घोडे परस्परांस तेथेच खाजवितात.

कोणी म्हणेल, हेही वश करणेच नव्हे काय? आहेच. घोड्याने खोगीर मागितले नव्हते, आणि गोंजारून लादलेले ओझे ओझेच राहते. ही शंका आम्हांस खोटी वाटत नाही. पण धीराने शिकविणारा घोड्यास नकाराची जागा ठेवतो. घोडा अडला तर खोगीर रुतते काय, पाठ दुखते काय, दात सलतो काय, हे तो पाहतो. चाबूक ही विचारपूसच बंद पाडतो. बँडच्या गजरात निश्चल उभा असलेला घोडा शांत आहे की हताश, हे वऱ्हाडास कळत नाही. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. पाढे बिनचूक म्हणणाऱ्या भेदरलेल्या मुलाविषयीही आपली अशीच फसगत होते.

धीरास दिवस लागतात, आणि चंदी-चाऱ्याचा खर्च रोजचा. पुष्कळांची दया येथेच आटते. ज्यास तेवढा अवधी देणे परवडत नाही, त्याने घोडा बाळगूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. शिकवणीची पारख करावयाची तर कुंपणाच्या मैदानात दोर काढून घ्यावा. धाकाने उभा असलेला घोडा बहुधा दूरचा कोपरा गाठतो. दुसरा थोडा चरतो, फिरतो, आणि हाक ऐकून मान वळवितो.