घागर कुणाची?

दया कुणावर आधी करावी, याचा एक क्रम आपण सर्वांनी मनाशी धरलेला असतो. आधी माणूस, मग गाय-बैल, आणि काही उरलेच तर कुत्री-मांजरे. सुकाळात या क्रमाची कुणाला आठवण होत नाही. पाणी आटले, की तो चटकन तोंडी येतो.

आमचे वैजापूर दुष्काळी टापूतले. तालुक्याच्या दक्षिण शिवेवरून गोदावरी वाहते; परंतु नदी नकाशात जवळ असली म्हणून ती घागरीत येतेच असे नाही. उन्हाळ्यात टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसणारी खेडी या तालुक्याला नवी नाहीत. अशा ठिकाणी एका गृहस्थांनी आपल्या लहानशा कुत्र्याला रोज कोमट पाण्यात चालवायला आरंभ केला, तेव्हा लोक बोलणारच. "माणसांना प्यायला नाही, आणि यांच्या कुत्र्याला जलविहार!" असे कुणी म्हणाले. या बोलण्यात उपहास असला तरी न्यायाची चाडही आहे. म्हणून ते हसण्यावारी नेता येत नाही.

कुत्रे डॅशहाउंड जातीचे. पाय बुटके, पाठ लांबलचक. जर्मनीत बिज्जूच्या बिळात शिरण्यासाठी माणसाने पिढ्यान् पिढ्या निवडून ही जात घडवली. ज्या जनुकाने असे पाय आखूड होतात, तेच मणक्यांमधल्या चकत्यांनाही अकाली म्हातारपण आणते, असे २०१७ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवून दिले. एखादे दिवशी अशी चकती फुटते, मज्जारज्जूवर दाब येतो आणि मागचे पाय लुळे पडतात. शस्त्रक्रियेने दाब दूर करता येतो. चालणे मात्र पुन्हा शिकावे लागते. तेव्हा हे दुखणे केवळ दैवाचे नाही. त्यात माणसाच्या हौसेचा वाटा आहे, आणि आपल्या हौसेपायी दुसऱ्याची पाठ मोडत असेल, तर तिची शुश्रूषा करणे हे देणे फेडण्यासारखेच आहे.

पाण्याचा उपाय मोठा समजूतदार आहे. जखम भरल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्याने, कुत्र्याला कमरेइतक्या पाण्यात उभे करतात. तेवढ्या पाण्यात पायांवर अंगाच्या वजनाचा सुमारे दोन-पंचमांश भारच उरतो. मोठ्या शहरांत यासाठी काचेची पेटी आणि तळाशी फिरता पट्टा असतो. इथे धुण्याचा टब होता आणि पोटाखाली धरलेला हात. पाणी त्याला उचलून नेत नाही. भार हलका करते. पाऊल त्याचे त्यालाच टाकावे लागते. माणसांनी माणसांना करायच्या मदतीतही याहून वेगळे काय असावे?

पैशाच्या बाबतीतही हाच आक्षेप निघतो. रतन टाटांनी आपल्या कुत्र्याला सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात नेले होते. पण उशीर झाला होता, आणि तो सांधा एकाच स्थितीत पक्का करून टाकावा लागला. पुढे २०२४ साली मुंबईत महालक्ष्मीला लहान प्राण्यांचे मोठे रुग्णालय उभे राहिले. आपल्या कुत्र्याचे दुःख त्यांनी आपल्यापुरते ठेवले नाही. त्यातून परक्यांच्या कुत्र्यांची सोय झाली. एकावर केलेली माया अशी पुढे वाहिली, तर तिला चैन म्हणता येत नाही.

पण पाणी पैशासारखे नव्या कमाईने वाढत नाही. तिथे काय करावे? याचे उत्तर गोदावरीनेच, वैजापूरच्या खाली पैठणला, देऊन ठेवले आहे. नाथांची गोष्ट घरोघरी सांगतात. काशीची गंगा कावडीने रामेश्वराला चालली होती. वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसले, आणि नाथांनी ती गंगा त्याच्या तोंडात ओतली. ते उठून उभे राहिले. नाथांनी देव आणि गाढव यांत थोर कोण, हे पाहिले नाही. या क्षणी पाण्यावाचून कोण पडतो आहे, एवढेच पाहिले.

हा निकष दोन्ही बाजूंना लागू आहे. शेजाऱ्याची घागर रिकामी असेल, त्या दिवशी टबही रिकामाच राहिला पाहिजे; तहानेचा हक्क चालण्याच्या आधीचा. पण मोटारी धुताना, लग्नाच्या मांडवात पाणी सांडताना ज्यांना हिशेब आठवत नाही, त्यांनी तो एका लंगड्या कुत्र्यापाशी येऊन मागू नये. टबातले पाणी निदान दाराशीच्या लिंबाला तरी मिळते.

वसुबारसेला गाय-वासराची पूजा करून आपण दिवाळी आरंभतो. मुक्या जिवाला घराच्या आनंदात पहिला मान देणारी ही रीत आहे. गाय दूध देते, म्हणून तिची आठवण ठेवणे सोपे. ज्याच्याकडून काही मिळायचे नाही, त्याच्यासाठी घागरीतले चार तांबे काढताना हात आखडतो की नाही, खरी परीक्षा तिथे होते.