पंख वाळेपर्यंत

पिंपळे गुरवच्या नदीकाठी जागा मिळेल तिथे टेका. पलीकडे कासारवाडी, पाठीमागे गाड्यांचे हॉर्न. वाजू देत. पवनेत जलपर्णीच्या मधे जो मोकळ्या पाण्याचा तुकडा आहे, त्यावर नजर ठेवा. घाई नको.

पाण्यातून एक काळी मान वर आलेली दिसेल. बदक नव्हे. बदक पाण्यावर बसतं. याचं निम्मं अंग पाण्यातच असतं. हा छोटा पाणकावळा. पाहता पाहता गुडूप झाला ना? शोधू नका. मनाने त्याच्याबरोबर खाली उतरा.

पंख अंगालगत आवळलेले. जोर सगळा पायांचा. चारही बोटं पडद्याने जोडलेली. बदकाची पुढची तीनच असतात. डोळ्यांवर पारदर्शक पापणी ओढलेली. नाकपुड्या जवळजवळ बंद, कारण हा श्वास घेतो तोच चोचीवाटे. चोचीचं टोक आकडीसारखं वाकलेलं. समोर एक चिलापी वळते.

सावकाश वर या. तोही येईल, बहुधा तुम्ही पाहताय तिथे नाहीच. मासा लगेच गिळत नाही. उडवून डोक्याकडून धरतो. चिलापीच्या पाठीवर काटे असतात, शेपटीकडून गेली तर घशात रुतायची.

मग तो एखाद्या वाळक्या फांदीवर जाऊन पंख पसरतो. इथे जरा जास्त वेळ थांबू. पाणकावळ्याला तेलाची ग्रंथीच नसते असं बरेच जण ठामपणे सांगतात. असते. त्याच्या पिसांची घडणच निराळी: बाहेरच्या कडा पाणी पितात, अंगालगतचा थर कोरडा राहतो. पिसांत हवा कमी अडकते आणि खाली जायला कष्ट पडत नाहीत. भिजतो म्हणून बुडतो, आणि त्याची किंमत उन्हात बसून चुकवतो. तो वाळतोय तोवर तुम्हीही काही करू नका. नुसतं बसा.

नदीला मात्र इतकी उसंत नाही. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर जलपर्णी पोसते, आणि काठापासून काठापर्यंत पसरली की बुडी मारायला पाणीच उरत नाही. मग तो दुसरीकडे जातो.

पंख पसरून बसलेला दिसला, तर फोटोसाठी पुढे सरकू नका. ओल्या पंखांनी उडायला त्याला जड जातं. तो पंख मिटेपर्यंत थांबा.