न सांगितलेली सवलत

प्रवासभाड्यातली सवलत शासनाने मंजूर केली की ती दिली गेली, की ज्याच्यासाठी ती आहे त्याला कळल्यावरच दिली जाते? प्रश्न कारभाराचा दिसतो, पण त्याच्या मुळाशी दान आणि हक्क यांतला भेद आहे. दात्याने दानाची वाच्यता करू नये असे धर्मपरंपरा सांगते, आणि दानापुरते ते योग्यच आहे. हक्काच्या बाबतीत मात्र देणारा गप्प राहिला तर घेणारा बुडतो. म्हणून सवलतीला दान समजणारी व्यवस्था ती सांगण्याची जबाबदारीही विसरते.

कोल्हापुरात हे रोज अनुभवास येण्याजोगे आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना एस.टी.चा प्रवास मोफत आहे. ६५ ते ७५ वयाच्या प्रवाशांना निम्मे भाडे पडते. दिव्यांगांची सवलत वेगळी, प्रमाणपत्रावर अवलंबून. मध्यवर्ती बसस्थानकावरून निपाणीला निघालेल्या ऐंशी वर्षांच्या गृहस्थांचा प्रवास कागलपुढे राज्याची हद्द येईपर्यंत मोफत, त्यापुढे मात्र तिकीट काढावे लागते. तेच गृहस्थ के.एम.टी.त चढले तर एस.टी.ची ही योजना तिथे चालत नाही, कारण ती सेवा महापालिकेची आहे. इतके बारकावे फलकावर बारीक अक्षरांत लिहून ठेवले, तर मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना ते नसल्यासारखेच.

सुएटोनियस या रोमन चरित्रकाराने सम्राट कॅलिग्युलाबद्दल लिहिले आहे, की त्याने नव्या करांचा कायदा लोकांच्या आग्रहाखातर लिहून लावला खरा, पण इतक्या बारीक अक्षरांत आणि अशा अडचणीच्या जागी, की कोणाला तो उतरवून घेता येऊ नये. अशोकाची रीत याच्या उलट होती. धौली आणि जौगड येथील स्वतंत्र शिलालेखांत त्याने आज्ञा दिली, की हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी वाचून ऐकवावा आणि एरवी एकट्या माणसालाही ऐकवावा. दगडावर कोरले की काम संपले, असे त्याने मानले नाही. महाराष्ट्रातले उदाहरण तर विषयाच्या आणखी जवळचे आहे. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या पश्चात पंथातल्या केशिराजांना संस्कृतात लिहायचे होते. तेव्हा पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांनी त्यांना अडवले, कारण त्यामुळे पंथातल्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकल्या असत्या. ग्रंथाची भाषा कोणती असावी, हे तिथे सर्वांत दुबळ्या श्रोत्यावरून ठरले.

या कसोटीवर कोणताही एक उपाय पुरत नाही. अंध प्रवाशाला आवाज हवा. उतारवयात दृष्टी गेलेल्यांना बहुधा ब्रेल येत नाही. कर्णबधिराला ध्वनिक्षेपकाचा उपयोग नाही, त्याला लिखित मजकूर हवा. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्याला सोपी, छोटी वाक्ये आणि चित्रे हवीत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानतो आणि वाहतूक व माहिती दोन्ही सुगम असावीत असे सांगतो. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात स्पष्ट केले, की सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशींच्या स्वरूपात ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक असले पाहिजेत.

कायद्याचे अज्ञान ही सबब चालत नाही, हे तत्त्व नागरिकाला लागू होते. मग कायदा कळेल अशा रीतीने सांगण्याचे ओझे शासनावर यायलाच हवे; नाहीतर हे तत्त्व अन्यायाचे ठरते. प्रवाशाने विचारावे, वाहक सांगेल, एवढ्याने ते ओझे उतरत नाही. भरलेल्या गाडीत सर्वांसमोर आपले वय, आजार, दिव्यांगत्वाची टक्केवारी उच्चारून सवलत मागायची, म्हणजे हक्काचे याचनेत रूपांतर होते, आणि पुष्कळ स्वाभिमानी माणसे मुकाट्याने पूर्ण भाडे देऊन मोकळी होतात. वाहकाला दोष देता येत नाही, कारण पुढचा थांबा येईपर्यंत त्याला सगळी तिकिटे द्यायची असतात.

म्हणून सांगणे गाडीच्या आधी घडायला हवे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र कोल्हापूरच्या सी.पी.आर. या शासकीय रुग्णालयात हातात पडते, तेव्हाच एस.टी. आणि के.एम.टी. या दोन्हींचे नियम त्या व्यक्तीला समजेल त्या रूपात मिळणे शक्य आहे. ज्येष्ठांसाठी अशी जागा बँकेतल्या पेन्शनच्या रांगेत आहे आणि गावोगावच्या भजनी मंडळांतही, जिथे मोठ्याने वाचून दाखवण्याची सवय आधीपासूनच आहे.