सस्पेन्स खातं

आमच्या चिरंजीवांच्या संगणकात लिनक्स नांदतं, आणि त्याच्या पोटात एक आभासी विंडोज, निव्वळ गेम खेळण्यासाठी पोसलेलं. पोटातल्याला ग्राफिक्स कार्ड वेगळं, पडदा वेगळा. कीबोर्ड आणि माउस मात्र दोघांत एकच. (आमच्या वाड्यात बिऱ्हाडं दोन आणि नळ एक, तसंच.) डावी आणि उजवी कंट्रोल एकदम दाबली, की दोन्ही वस्तू आतल्याच्या ताब्यात, पुन्हा दाबली, की बाहेरच्याच्या.

परवा चिरंजीव आपल्या शिपायाला भिंतीआड बसवून जेवायला उठले. "बाबा, दोन्ही कंट्रोल एकदम दाबा आणि लिहा तुमचं पत्र." मी दाबली. मग खात्रीसाठी पुन्हा दाबली. नोटा दोनदा मोजणारा हात, दुसरं काय!

पत्र दादाला होतं. वाड्याच्या वाटणीवरून. मी रोमन अक्षरांत मराठी बडवतो, तेही बोटांकडे बघत. 'त्या दिवशी तू आईसमोर खोटं बोललास' इथवर आलो आणि मान वर केली. डाव्या पडद्यावर कोरा कागद, उजव्या पडद्यावर शिपाई मरून पडलेला.

चिरंजीवांनी रीतसर पंचनामा केला. त्या खेळात डब्ल्यू म्हणजे पुढे, एस मागे, ए डावीकडे, डी उजवीकडे. म्हणजे मी 'दादास' लिहिलं तेव्हा बिचारा दोनदा उजवी-डावी हेलपाटला नि मागे सरला. आणि दर 'वाडा'ला पुढे घुसला. वाडा मी किती वेळा लिहिला, ते शत्रूलाच ठाऊक.

तेव्हापासून एक शंका छळतेय. मी दादाला बोललो की नाही? त्याच्या नावे काहीच पडलेलं नाही. माझ्या मनातून मात्र रक्कम निघालीय, आणि सही माझीच. जिचा धनी सापडत नाही अशी रक्कम बँकेत आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो. पण तिथंही ती कायमची राहू देत नाहीत, साहेब विचारतात. इथं साहेब कोण?

"न पोचलेलं बोलणं म्हणजे न बोललेलंच," सौ. म्हणाली. हे तिनं म्हणावं! तिचं न बोललेलं शेजाऱ्यांनासुद्धा ऐकू जातं.

रात्री दादाचाच फोन आला, सहज. माझ्या तोंडून "सॉरी" निघून गेलं.

"कशाबद्दल रे?"

"आमच्या चिरंजीवांचा एक शिपाई मेला माझ्या हातून."

दादा क्षणभर थांबला. "मग त्याला म्हण की," तो म्हणाला, "मला कशाला?"