गडाचा दरवाजा आणि बाळाचे दूध

जन्मलेल्या बाळाला काय पाजायचे आणि कसे, हा निर्णय बहुतेक घरांत बाळंतिणीच्या खाटेशी, घाईत आणि रडारडीत घेतला जातो. खरे तर तो सातव्या-आठव्या महिन्यातच व्हायला हवा, कारण तो एकट्या आईचा नसतो. त्यासाठी रजेचे दिवस मोजावे लागतात, प्रसूती कुठे होणार हे ठरवावे लागते आणि घरातल्या मोठ्यांशी आधीच बोलून घ्यावे लागते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात तर लोकलची गर्दी आणि उल्हास नदीचा पूरही हिशेबात धरावा लागतो.

वैद्यकशास्त्राचे सांगणे स्पष्ट आहे. जन्मानंतर पहिल्या तासातच बाळाला अंगावर घ्यावे. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे, पाणीसुद्धा देऊ नये. त्यानंतर वरचे अन्न सुरू करून दोन वर्षांपर्यंत किंवा त्यापुढेही पाजत राहावे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली जवळपास 89 टक्के बाळंतपणे रुग्णालयांत झालेली दिसली. तरी पहिल्या तासात आईचे दूध मिळालेली बाळे मात्र सुमारे 42 टक्केच होती. सहा महिन्यांखालच्या बाळांपैकी केवळ आईच्या दुधावर असलेली सुमारे 64 टक्के. म्हणजे बाई रुग्णालयात वेळेवर पोचते, पण बाळाला दूध वेळेवर मिळतेच असे नाही.

हा पेच उलगडायला संवादाचा आधार घेता येतो. बदलापूर पूर्वेतले एक घर मानावे. सून आठव्या महिन्यात आहे, नोकरी मुंबईत, बाळंतपण ऐन पावसाळ्यात. सासूबाई अंबरनाथच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेल्या. माणसे कल्पित आहेत, प्रश्न मात्र या पट्ट्यातल्या घराघरांतले आहेत.

सासूबाईंचा पहिला मुद्दा अनुभवाचा असतो. “अगं, तुझा नवरा डब्याच्या दुधावर वाढलाय. मला बारा आठवड्यांची रजा होती. ती संपल्यावर सकाळी सातच्या पाळीला हजर व्हायचं. काय वाईट झालं त्याचं?”

“वाईट काहीच झालं नाही, आई. पण डब्याचं दूध तुम्ही ठरवून दिलं होतं, की तशी वेळ आली होती?”

सासूबाई थोडा वेळ बोलत नाहीत. मग म्हणतात, “ठरवायला कोणी विचारलंच नव्हतं.”

एक मूल डब्याच्या दुधावर धडधाकट वाढले, यावरून ते मूल धडधाकट वाढले एवढेच सिद्ध होते. धोका अनेक बाळांच्या हिशेबात दिसतो. वरच्या दुधावरच्या बाळांना जुलाब आणि छातीचे विकार अधिक होतात. त्याचे एक कारण बाटली, बूच आणि पाणी यांतून जाणारे जंतू, आणि दुसरे कारण आईच्या दुधातून मिळणारे संरक्षण न मिळणे. तरीही सासूबाईंच्या अनुभवाला किंमत आहे. डबा दिला म्हणून आई कमी ठरत नाही, याचा तो जिवंत पुरावा आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि या विषयावरची बहुतेक भांडणे यातली एकच धरून बसल्यामुळे होतात.

दुसरा वाद पहिल्या तीन दिवसांचा.

“दूध काही लगेच उतरत नाही,” सासूबाई म्हणतात. “तिसऱ्या-चौथ्या दिवशी पान्हा फुटतो. तोवर बोटाने मध चाटवायचा. आमच्याकडे सगळ्यांना चाटवला.”

ही समजूत अडाणीपणाची म्हणून झटकून टाकता येत नाही. दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरते आणि तोवर मध-तूप द्यावे, असे सुश्रुतसंहितेतही सांगितले आहे. दूध भरून येण्याबद्दलचे निरीक्षण आजही बरोबर आहे. पण त्याआधी काहीच नसते, हे बरोबर नाही.

सून म्हणते, “आई, तबेल्यातून चीक आला की तुम्ही वेलची-जायफळ घालून खरवस करता. शेजारीसुद्धा वाटी पाठवता. गाईचा चीक कोणी फेकत नाही. मग माझ्या बाळाच्या वाट्याचा चीक तेवढा का नको?”

आईचे पहिले दूध म्हणजे तो चीकच. घट्ट, पिवळसर, पहिल्या दिवशी एका वेळी चमचाभरसुद्धा नसतो. पिळून पाहिले तर दोन-चार थेंब दिसतात आणि ‘दूध नाहीच’ असा निकाल दिला जातो. नवजात बाळाचे पोटही तेवढेच लहान असते, त्यामुळे हे थेंब त्याला पुरतात. त्यांत रोगप्रतिकारक द्रव्ये दाटलेली असतात आणि ती आतड्याच्या आतल्या बाजूला लेपासारखी बसतात. मधातून मात्र बोट्युलिझमच्या जंतूंची बीजे पोटात जाऊ शकतात, म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये. सिझेरियन झाले तर दूध भरून यायला एखादा दिवस जास्त लागतो. तेव्हाही शुद्धीवर असलेल्या आईच्या कुशीत बाळ लवकर ठेवता येते, पण ते कोणीतरी आणून ठेवावे लागते. त्यासाठी नाव नोंदवतानाच रुग्णालयात दोन प्रश्न विचारावेत: बाळ आईजवळ किती वेळात आणता? आणि आम्हाला न विचारता वरचे दूध देता का?

“आणि पुरतंय की नाही हे कसं कळणार?” सासूबाईंची ही शंका सर्वांत जुनी आणि सर्वांत रास्त.

“लंगोट मोजायचे, आई.”

उत्तर खरेच इतके साधे आहे. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट ओले होत असतील, तर दूध पुरते आहे. पहिल्या दिवसांत बाळाचे वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरते आणि दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येते. ते परत आले नाही किंवा लंगोट कोरडेच राहिले, तर डॉक्टर गाठावा. बाळ रडते एवढ्यावरून दूध कमी आहे, असे ठरवू नये. स्तन जितके रिकामे होतात तितके दूध तयार होते. ‘रात्रीपुरते’ म्हणून दिलेल्या वरच्या दुधाने बाळाची ओढ कमी होते, ओढ कमी झाली की दूध कमी होते, आणि आठवड्याभरात ‘बघ, पुरत नव्हतंच’ असे म्हणायला सगळे मोकळे. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी बाळंतिणीने खुशाल खावी, तिच्या अंगाला त्याची गरज आहे. दूध वाढते ते मात्र बाळाच्या ओढण्याने.

इथवर सून वरचढ वाटते. पण रजेचा हिशेब निघाला की बाजू पालटते.

2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठीची भरपगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली. त्यांतले जास्तीत जास्त 8 आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. 26 आठवडे म्हणजे 182 दिवस. आठही आठवडे आधी घेतले तर बाळाच्या वाट्याला 126 दिवस उरतात, आणि सहा महिन्यांना 54 दिवस कमी पडतात. दोनच आठवडे आधी घेतले तर कमी पडतात 12 दिवस. कागदावर उत्तर सोपे दिसते. पण बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे 68 किलोमीटर आहे, दीड तासाच्या आसपासचा प्रवास. सकाळच्या गाडीत अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी करत कल्याण येईस्तोवर महिलांच्या डब्यात पाय ठेवायला जागा राहत नाही. आठव्या महिन्यातल्या बाईने त्या गर्दीत दांडी धरून उभे राहायचे, ते बाळाच्या नंतरच्या दिवसांसाठी. ज्या बाळाचे दिवस वाचवायचे, तेच त्या गर्दीत पोटात आहे.

“मी नोकरी करते म्हणून बाळाचं कमी पडणार, असंच ना?” सून म्हणते. “मग डबाच आणू या.”

आता सासूबाई उलट बाजू घेतात. “बाळ जन्मायच्या आधीच डबा? हिरकणी आठव. बाळ भुकेलं होतं म्हणून रायगडाचा कडा उतरली ती, तेही रात्री.”

“आई, ती कडा का उतरली? संध्याकाळी दरवाजा बंद झाला म्हणून. दरवाजा बंद करायचा नियम तिनं केला होता का? कडा उतरणारीचं कौतुक सगळे करतात. गडावर दूध घालायला येणारीच्या घरी तान्हं बाळ आहे, हे कुणी विचारलं होतं?”

“बरोबर आहे तुझं. पण दरवाजा उघडेपर्यंत बाळाला उपाशी ठेवायचं का?”

या दोन प्रश्नांत सगळा पेच सामावला आहे. महाराष्ट्रात एसटी स्थानके आणि कार्यालयांतल्या स्तनपानाच्या खोल्यांना ‘हिरकणी कक्ष’ म्हणतात. नाव गौरवाचे आहे. पण कथेचा रोख आईच्या धाडसावर राहिला की जबाबदारीही तिच्याच अंगावर राहते. पाजले तर कर्तव्य, नाही पाजले तर कसूर. उलट सगळा दोष व्यवस्थेवर टाकून मोकळे झाले, तर आजच्या बाळाचे आजच काय करायचे याला उत्तर मिळत नाही. भूक न्यायासाठी थांबत नाही. म्हणून दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात, आणि त्यांतले दरवाज्याचे काम आईचे नव्हे. तिच्या सर्वांत जवळचा दरवाजा तिच्या घराचाच असतो. रात्री बाळ उचलून आणून कोण देणार, सकाळचा डबा कोण करणार, पाहुण्यांना ‘मध नको’ असे तोंडावर कोण सांगणार? ही कामे नवऱ्याने आणि सासूबाईंनी आठव्या महिन्यातच वाटून घेतली तर निम्मा कडा उतरल्यासारखा आहे.

उरलेल्या दिवसांसाठी काढून ठेवलेल्या दुधाचा उपाय आहे. हात स्वच्छ धुऊन, हातानेच, उकळून घेतलेल्या स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात दूध काढता येते. ते बाहेर चार तास टिकते, उन्हाळ्यात त्याहून कमी धरावे, आणि फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत. पाजायचे ते वाटी-चमच्याने किंवा जुन्या घरांत असे त्या चोचीच्या बोंडल्याने. बाटलीपेक्षा बोंडले घासायला सोपे आणि म्हणूनच सुरक्षित.

ज्यांना रजाच नाही त्यांचे काय? दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांत, घरकामात, उल्हासनगरच्या जीन्सचे धागे नगावर कापून देण्याच्या कामात या 26 आठवड्यांचा उपयोग नाही. घरी बसून काम करणाऱ्या बाईजवळ बाळ असते, पण पाजायला उठले की नग कमी होतात. पहिल्या अपत्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे 5,000 रुपये मिळतात. बुडालेल्या मजुरीपुढे ते थोडे आहेत, आणि हे अन्यायाचे आहे.

सासूबाईंचा शेवटचा प्रश्न सर्वांत प्रेमाचा असतो. “एवढं करूनही नाहीच आलं दूध, तर? तू स्वतःला खात बसशील.”

अशी वेळ येते. आई गंभीर आजारी असते, बाळ दिवसांआधी जन्मते, क्वचित दूध खरेच अपुरे पडते. फार लहान किंवा आजारी बाळासाठी दात्या मातांचे दूध हा पहिला पर्याय. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात सुरू केली, बदलापूरच्याच मध्य रेल्वेच्या मार्गावर. दान आलेले दूध तिथे पाश्चराइज करून दिले जाते. तेही शक्य नसेल तर डॉक्टरांनी सांगितलेली पावडर नीट द्यावी. पाणी उकळून घ्यावे, ते पुरते निवायच्या आत, 70 अंशांच्या वर असतानाच पावडर मिसळावी, चमचा सपाट भरावा, कोमट झाल्यावर पाजावे आणि उष्टे दूध टाकून द्यावे. डबा महाग म्हणून दूध पातळ करू नये, त्याने बाळाचे पोट भरल्यासारखे दिसते आणि पोषण बुडते. 1992 च्या कायद्याने डब्याची जाहिरात, मोफत नमुने आणि डब्यावर बाळाचे चित्र यांवर बंदी आहे. ती विक्रीच्या मोहाविरुद्ध आहे. गरजेने डबा उघडणाऱ्या आईविरुद्ध नाही.

पावसाळ्याचा मुद्दा सून काढते. 27 जुलै 2019 रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली. हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले, त्यांत नऊ गर्भवती होत्या. चहूकडे पाणी, आणि उकळलेले पाणी कुठेच नाही. अशा वेळी तान्ह्याला तयार आणि निर्धोक मिळते ते फक्त अंगावरचे दूध. बाळंतपण जुलै-ऑगस्टमध्ये असेल तर नाल्याच्या किंवा सखल रस्त्याच्या अलीकडचे दुसरे रुग्णालय आधीच पाहून ठेवावे. 102 आणि 108 हे क्रमांक आणि माता-बाल संरक्षण कार्ड घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची मोफत तपासणी होते, तीही चुकवू नये.

शेवटी दोघी ठरवतात ते असे: रजा दोन आठवडे आधी, डॉक्टरांनी हो म्हटले तरच. नाही म्हटले तर ज्या दिवशी सांगतील त्या दिवसापासून, आणि मग कमी पडलेल्या दिवसांसाठी काढलेले दूध. मध नाही. डबा घरात आधी आणायचा नाही, आणि लागला तर त्यावरून कोणी बोलायचे नाही.

“आणि ऑफिसात?” सासूबाई विचारतात. “तिथं कोण सांगणार?”

कायद्यात तेही आहे. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन जादा सुट्ट्या, आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर व त्याला दिवसातून चार भेटी. हे सारे लाभ प्रत्येक स्त्रीला नेमणुकीच्या दिवशीच लेखी कळवण्याचे बंधन 2017 च्या दुरुस्तीने मालकावर घातले. असे पत्र मिळाले नसेल, तर रजेच्या अर्जाबरोबर ते मागून घ्यावे.